चकलांब्याचं मांजर

ताराबाई गेल्याचं बंकटला कळलं तेव्हा तो आष्टीत एका शिंप्याशी हुज्जत घालत होता. ताराबाईनंच त्याला कातरण आणायला पाठवलं होतं. ब्लाऊज, झंपर, शाळेचे कपडे शिवून उरलेले तुकडे शिंप्याकडे पडलेले असतात, ते. निघताना तिनं बजावलं होतं की सुती आणा, भुऱ्या-तपकिरी रंगाचे आणा, आणि अस्तराचं बुळबुळीत कापड आणलंत तर तुमच्याच उशीत भरीन. शिंपी नेमका अस्तराचाच ढीग पिशवीत कोंबत होता आणि वरून म्हणत होता, चिंध्याच तर हायेत काका, चिंध्यात काय निवड करायची. बंकट एकेक तुकडा बाहेर काढून ठेवत होता. तेवढ्यात पोराचा, लखनचा फोन आला. आई हौदापाशी पडली, डॉक्टर येऊन गेले, तुमी या. बंकटनं विचारलं, डॉक्टर काय म्हणले. पलीकडून बायांचं रडणं ऐकू आलं. फोन चालूच राहिला.

काळीपिवळीत बसला तर ड्रायव्हर जीप भरल्याशिवाय हलेना. माझी बायको मेली आहे, चल, असं म्हणता आलं असतं. पण ते तोंडातून निघालं नाही. दोन बाया लसूण घेऊन आल्या, एक म्हातारा शेळीचं करडू घेऊन आला, मग जीप निघाली. मांडीवर कातरणाची पिशवी घेऊन बंकट बसला होता. करडू ती पिशवी चघळत होतं आणि त्यानं ते चघळू दिलं.

तेरावा झाला, पाव्हणे गेले. लेक धनश्री मागे राहिली. तिला सातवा महिना होता, पहिलंच बाळंतपण, ते माहेरीच करायचं ठरलं होतं. माहेर म्हणजे आता बाप, भाऊ, एक म्हैस आणि चार शेळ्या. शेजारची साखराबाई येऊन-जाऊन असायची. तिच्या भरवशावर चकलांब्याच्या व्याह्यांनी लेकीला राहू दिलं.

इथं ताराबाईच्या जनावरांबद्दल सांगायला पाहिजे. गावात पोर जन्मलं की त्याच्या पाळण्यात ताराबाईनं शिवलेलं एक कापडी जनावर असायचं. आत कापूस, वरून जुन्या साड्या, धोतरं आणि कातरण. तिनं हे विकलं कधी नाही. बचत गटाच्या बाया म्हणायच्या, प्रदर्शनात मांडू. ती म्हणायची, मांडा की तुमचे पापड. पोर कुणाचं, घर कुणाचं, हे ती बघायची नाही, जनावर मात्र प्रत्येकाला वेगळं. एकाच्या पाळण्यातलं दुसऱ्याच्या पाळण्यात कधी दिसलं नाही. कुणाला बैल, कुणाला मुंगूस, कुणाला होला पक्षी, एकीला तर बेडूक. हे तिला सुचायचं कुठून, हे तिला कुणी विचारलं नाही. बंकटनंही नाही. भाकरी कशी सुचते हे कुणी विचारतं का, तसंच ते.

एका दुपारी धनश्री शेंगा फोडत बसली होती. मधेच ती म्हणाली, "आबा, गावातल्या समद्या लेकरांना आईचं जनावर मिळालं. माझ्याच लेकराला न्हाई."

रडली नाही. आई गेल्यापासून ती कुणासमोर रडलीच नव्हती. बंकटला त्याचीच जास्त धास्ती होती. तो गव्हाणीत कडबा टाकत होता, तिथूनच म्हणाला, "मी करतो की."

म्हणून गेला खरा, आणि इथून सगळा ताप सुरू झाला.

जावई हनुमान बीडहून एक अस्वल घेऊन आला होता. गुलाबी. बसवलं तर दोन वर्षांच्या पोराएवढं. धनश्रीनं ते प्लास्टिकच्या पिशवीसकट कपाटावर ठेवून दिलं आणि लेकरू पाळण्यात घालताना ते खाली काढायचं नाही असं सांगून टाकलं. बंकट येता-जाता त्या अस्वलाकडे बघायचा आणि चिडायचा. गुलाबी अस्वल कुठल्या रानात असतं, हे त्याला कुणी सांगितलं तर तो ऐकायला तयार होता.

त्यानं आधी शेळी करायची ठरवली. शेळी आपल्याला माहीत आहे, जन्म शेळ्यांमागं गेला, असा त्याचा हिशेब. सुई-दोरा त्याला नवा नव्हता. झूल शिवली होती, पोती शिवली होती, काट्यांनी फाटलेली शेळीची कासही एकदा शिवली होती. ताराबाईची बारीक सुई बोटात धरवेना म्हणून त्यानं दाभण घेतलं. कापड पसरलं, कोळशानं आकार काढला, कापलं, पोटाखालून शिवत आणलं, कापूस ठासला, शेपटीपाशी गाठ मारली. शिंगं, कान, चार पाय, काही चुकलं नाही. मग ती शेळी ओट्यावर ठेवून तो हात धुवायला गेला.

साखराबाई ताक घेऊन आली होती. ती ओट्यापाशी थबकली, पदर तोंडाला लावला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "भावजी, कशानं गेली ओ ही?"

बंकटला वाटलं ती चेष्टा करते आहे. ती चेष्टा करत नव्हती. लखन बाहेर आला, त्यानं बघितलं आणि तसाच आत गेला. धनश्रीनं बघितलं आणि म्हणाली, चांगली हाय आबा. तिच्या "चांगली हाय"मध्ये जे होतं ते बंकटला बरोबर ऐकू आलं. शेळी मेलेली दिसत होती. पाय ताठ, मान एकीकडे, पोट फुगलेलं. पावसाळ्यात ओला चारा खाऊन फुगून मेलेली शेळी असते, डिट्टो तशी.

ती उसवून त्यानं ससा केला. ससा गाडीखाली आल्यासारखा झाला. मग मोर करायला घेतला आणि मानेपर्यंत येऊन टाकून दिला, कारण मान राहीना.

चौथ्या खेपेला दाभण हातात असतानाच त्याच्या ध्यानात आलं. आपण आयुष्यात कातडं भरून शिवलेली जनावरं केली ती एकाच कामासाठी. म्हशीचं रेडकू मेलं की म्हैस पान्हा सोडत नाही. मग सोलणारा ते कातडं सोलून देतो, त्यात भुसा भरायचा, पोटाखालून शिवायचं आणि धारेच्या वेळी म्हशीच्या पुढ्यात ठेवायचं. ती त्याला चाटते आणि दूध देते. बंकटच्या बापानं त्याला हे शिकवलं होतं आणि त्याच्या हातचं असं रेडकू बघून गावातली कुठलीही म्हैस फसायची. चार गावांतून लोक त्याला बोलवायचे. पोटाखालून शिवण, पाय ताठ, डोळ्यांची गरज नाही, कारण म्हैस बघत नाही, हुंगते. त्याच्या हातांना तेवढंच येत होतं. त्याचे हात मेलेलंच जनावर करणार होते. ते त्याचं कसब होतं.

हे कळल्यानं काम सोपं झालं नाही, उलट जास्तच चिडचिड झाली. नुसतं हाताचं कारण असतं तर हात सुधारता आला असता. पण करायचं काय, हेच ठरेना.

सल्ले मात्र फुकट मिळत होते. लखन फोन घेऊन आला आणि एकामागून एक चित्रं दाखवू लागला. काळं-पांढरं अस्वल, शेपटी नसलेलं माकड, कपाळाला शिंग असलेला पांढरा घोडा.

"ह्या घोड्याला शिंग कावून हाय बे?" बंकटनं विचारलं.

"असतंय आबा. फॅशन हाय."

"घोड्याची?"

लखन म्हणाला, लोक इथूनच बघून करतात, कापायचे आकारसुद्धा मिळतात, तुमी उगा डोकं फोडून घ्यायलात. बंकटनं त्याला म्हशीला पाणी पाजायला पाठवलं. चहाच्या हॉटेलात गेला तर तिथंही बातमी पोचली होती. एकानं हत्ती सुचवला, कारण हत्तीला सोंड लावली की बाकी काही बघावं लागत नाही. दुसऱ्यानं वाघ. तिसरा म्हणाला, बंकट, तू म्हशीला फसवलंस, लेकराला फसवायला किती येळ लागतो. सगळे हसले. बंकट अर्धा चहा तसाच ठेवून उठला.

मग त्याला वाटलं, आधी ताराबाईनं केलेली जनावरं तरी एकदा बघावीत. काय उरलं आहे ते कळेल. तो आळीनं निघाला, तर घरांना कुलुपं. दिवाळी होऊन गेलेली. ऊसतोडीला जाणारी अर्धी आळी कारखान्यांवर गेली होती आणि पोरांबरोबर पोरांची जनावरंही. जी घरं उघडी होती तिथली पोरं मोठी झालेली. एका घरात मुंगूस सापडलं. एका म्हातारीनं होला उशाला घेतला होता, ती तो हातात देईना.

शेवटी त्यानं सिदूला फोन लावला. सिदू त्याच्या शेजारच्या शेतातला, ऊसतोडीच्या कोयत्यावर गेलेला. लखननं तो चेहरा दिसणारा फोन लावून दिला. पलीकडे आधी उसाच्या पाचटाची राहायची कोपी दिसली, मग सिदूची बायको, मग सिदू. बंकटनं बैल दाखव म्हणून सांगितलं. सिदूनं खरा बैल दाखवला. बंकट म्हणाला, तो न्हाई बे, पोराचा.

सिदूच्या पोरानं बैल आणला. काळवंडलेला, एक कान कुरतडलेला, पोटातून कापूस डोकावत होता. तरीही बंकट फोन डोळ्याशी घेऊन बघत राहिला. त्या कापडी बैलानं मान मागे वळवली होती. डावं शिंग जरा खाली आलेलं. बंकटनं ती मान ओळखली. सिदूचा आधीचा बैल, जो पुढं विकला, तो गाडीला जुंपला की सारखा मागं वळून बघायचा, मालक चढला का नाही म्हणून.

"हा तुझा राजा हाय की बे," बंकट म्हणाला.

"मंग," सिदू म्हणाला. "वैनी आलत्या आमच्याकडं, पोरगं झालं तवा. ओट्यावर बसल्या त्या राजाकडं बघत. मी म्हणलं, वैनी, लेकरू आत हाय. तर म्हणल्या, लेकराला बघते मागून, ते कुठं जातंय. आदी ह्याला बघू द्या. दिसभर बसल्या. बैलालाच लाज वाटाया लागली."

फोन ठेवून बंकट ओट्यावर येऊन बसला. आता त्याला उलगडलं. मुंगसाच्या घरी मागच्या पडवीत मुंगूस यायचं. होल्याच्या घरी वळचणीला होल्याचं घरटं होतं. बेडूक ज्या पोरीला मिळाला तिच्या दारात बोअरचं पाणी साचून कायम डबकं. ताराबाईला काही सुचत नव्हतं. ती जाऊन बसत होती आणि बघत होती. ज्या घरचं पोर, त्या घरचं जनावर. एवढं साधं. ते तिनं सांगितलं असतं तर तिचं काय जाणार होतं, असं त्याच्या मनात आलं आणि तो तिच्यावरही चिडला. पण मग, विचारलं असतं तर सांगितलं असतं, हेही त्याला ठाऊक होतं.

म्हणजे धनश्रीच्या लेकराचं जनावर इथं नव्हतं. ते चकलांब्यात होतं.

तो दुसऱ्या दिवशी निघाला. धनश्रीला सांगितलं की बीडला काम आहे. चकलांब्याला जायचं तर दोन एसट्या बदलाव्या लागतात, आणि त्यातही एक अडचण होती. लेकीला पोर होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं पाणीही प्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. लग्नानंतर बंकट दोनदा तिथं गेला तेव्हा उभ्या उभ्या परतला होता. आता दिवसभर बसायचं होतं. त्यानं भाकरी बांधून घेतली, पाण्याची बाटली घेतली आणि चकलांब्याच्या स्टँडवरच खाऊन-पिऊन घेतलं.

व्याही आश्रुबा हे मोठं प्रस्थ. मागं सरपंच होते, आता भाऊबंदातल्या कुणाला तरी सरपंच करून मागून कारभार बघत. घराला फाटक, फाटकाच्या दोन्ही खांबांवर सिमेंटचे दोन सिंह, पिवळे रंगवलेले. बंकट फाटकातून आत गेला आणि गोठा कुठं म्हणून बघू लागला. गोठ्याच्या जागी पत्र्याचं शेड होतं, त्यात ट्रॅक्टर आणि पांढरी गाडी. म्हैस नाही, शेळी नाही, कोंबडीसुद्धा नाही. अंगणात फरशी. फरशीवर एक पान पडलेलं नाही. दूध पिशवीतलं येतं, असं विहीणबाई बायनाबाई नंतर म्हणाल्या.

बंकट ओसरीवर बसला. चहा आला. त्यानं रीत सांगून परत पाठवला. पाणी आलं, तेही परत गेलं. आश्रुबांनी विचारलं, काय काम काढलं पाव्हणं? बंकट म्हणाला, काई न्हाई, आलो सहज. आता दोन एसट्या बदलून कुणी सहज येत नाही. आश्रुबांनी राजकारण केलेलं. तोंड बघून माणूस कशाला आलाय हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती, आणि ह्या माणसाच्या तोंडावर तर काहीच दिसेना. तो नुसता अंगणाकडे बघत होता. शेडकडे बघत होता. मग उठून मागच्या बाजूला जाऊन आला, भिंतीची वळचण बघितली, पाण्याची टाकी वाकून बघितली.

आश्रुबांना वाटलं, लेकीचा काहीतरी प्रश्न आहे आणि हा घर मोजतोय. त्यांनी हनुमानला फोन करून शेतातून बोलावून घेतलं. बायनाबाई दाराआडून दोनदा विचारून गेल्या, धनू बरी हाय ना? बरी हाय. मग बसा की जरा टेकून. बसलो की. हनुमान आला तो घाबराघुबरा. त्यालाही बंकट म्हणाला, काई न्हाई, आलतो सहज.

शेवटी आश्रुबांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "हे बगा पाव्हणं. आपण दोघं मोकळी माणसं. आमचं काई चुकलं आसंल तर तोंडावर बोला. आसं घराकडं बगत बसू नका, आमच्या बायकोला धडकी भरलीय."

मग बंकटला सांगावंच लागलं. सांगताना त्याचे कान तापले. साठीला आलेला माणूस व्याह्याच्या ओसरीवर बसून सांगतो की मी कापडात करायचं जनावर शोधायला आलोय. आश्रुबांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मग फाटकाकडं बोट करून म्हणाले, "आता जनावर म्हणाल तर आमच्याकडं सिंहच हायेत. सिंह करा. आमच्या घराला लोक सिंहाचा वाडाच म्हणत्यात."

"ते सिमेंटचे हायेत, पाव्हणं."

"म्हणून काय झालं. पोराला काय कळतंय."

व्याह्याच्या घरी बसून व्याह्याच्या सिंहाला काय बोलणार. पण आतून बंकट पुरता वैतागला. एवढ्या लांब आलो, तहानलेलो बसलो, आणि ह्या लोकांनी घरात एक शेपटीवालं ठेवलं नाही. ताराबाई असती तर तिनं काय केलं असतं, सिमेंटकडं बघत बसली असती का. त्याला वाटलं की ती बसली असती, आणि काहीतरी निघेपर्यंत उठली नसती. म्हणून तोही उठला नाही.

आश्रुबा कामाला गेले, हनुमान गेला. ओसरी रिकामी झाली. मग बायनाबाई एक वाटी घेऊन बाहेर आल्या, आजूबाजूला बघितलं आणि ओसरीच्या कोपऱ्यात इन्व्हर्टरच्या पेटीपाशी वाटी ठेवली. पेटीवर एक जुनं पोतं होतं असं बंकट सकाळपासून समजत होता. त्या पोत्यानं डोळे उघडले.

"आमची न्हाई ती," बायनाबाई घाईनं म्हणाल्या. "गोठा व्हता तवा गोठ्यात राहायची. जनावरं इकली, ती काई गेली न्हाई. पेटी गरम असती, तिथं बसती. ह्यान्ला चालत न्हाई. धनू चपाती कुस्करून द्यायची दुधात. ती गेल्यापासनं मला द्यावं लागतंय."

आता बंकट पुढे सरकून बसला. भुरं मांजर, अंगावर तपकिरी पट्टे, जुने झालेले. एक कान मधोमध फाटलेला, त्याची दोन टोकं दोन दिशांना. डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक. गाल जाड. चारी पाय पोटाखाली दुमडून गाठोडं झालं होतं, आणि ते गाठोडं बंकटकडे असं बघत होतं की जणू हाच त्याच्या घरी बिनबोलावता आला आहे. वाटी खाली होती, ते उतरलं नाही. बायनाबाईंनी शेवटी वाटीच पेटीवर ठेवली, तेव्हा मान तेवढी पुढे करून ते प्यायलं आणि पुन्हा मान आत घेतली.

दिवस मावळतीला जाईपर्यंत बंकट ते मांजर बघत राहिला. कातडं कसं आहे ते नाही, बसलंय कसं ते. वजन कुठं आहे, मान कुठून निघते, वैतागलेलं जनावर वैतागलेलं कशामुळं दिसतं. ते त्याला चांगलं समजलं. शेवटच्या गाडीची वेळ झाली तेव्हा तो उठला. परतताना गाडीत त्याला सिमेंटच्या सिंहांचं हसू आलं, आणि घरी गेल्यावर ताराबाईला हे असं सांगायचं, तसं सांगायचं, असं तो मनात जुळवत राहिला. बीड आलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं. मग राहिलेल्या वाटेत त्यानं काही जुळवलं नाही.

ह्या वेळी त्यानं पोटाखालून शिवायला घेतलं नाही. पाठीवरून घेतलं, बसलेलंच कापलं, बसलेलंच शिवलं. दाभण ठेवून दिलं आणि बारीक सुई धरायला शिकला, बोटं चाळणीसारखी झाली. त्या दिवशी आष्टीहून आणलेल्या कातरणातलं भुरं सुती कापड त्याला पुरलं. तीनदा उसवलं. साखराबाई येऊन विचारायची, जिवंत हाय का आज? कधी म्हणायची, आज जरा आजारी दिसतंय. एक दिवस ती आली, बघितलं आणि म्हणाली, "भावजी, हे माझ्याकडं आसं का बगतंय? मी काय केलं त्याचं?"

तेव्हा बंकटनं दोरा तोडला.

धनश्रीला नववा लागला होता. ती जड पावलांनी बाहेर आली, खाटेवर ते मांजर दिसलं आणि ती उभीच राहिली. मग खाली बसली, ते उचललं आणि फाटक्या कानाला बोट लावलं. "आमची पेटीवरची हाय ही," ती म्हणाली. "आबा, तुमी चकलांब्याला गेलता?"

"बीडला गेलतो. तिथून जवळ पडतंय."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. बरंच रडली. बंकटला काय करावं कळेना, तो म्हशीकडे बघत उभा राहिला. मग तिनं डोळे पुसले, मांजर उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "आबा, शेपटी?"

बंकटला हाच प्रश्न नको होता. "बसलं होतं ते," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"शेपटी खाली घेऊन बसलं होतं. दिसभर उठलं न्हाई. मला दिसली न्हाई."

लखन म्हणाला, लावा की एक लांबशी, मांजराची शेपटी मांजरासारखीच असती. बंकटनं त्याच्याकडे असं बघितलं की तो आपणहून म्हशीला पाणी पाजायला गेला. धनश्रीला आठवून बघायला सांगितलं. तिनं डोळे मिटून बघितलं. टोकाला काळी होती बहुतेक, म्हणाली. मग म्हणाली, का ते शेजारचं मांजर होतं. चकलांब्याला फोन लावला. बायनाबाई म्हणाल्या आखूड आहे, कुत्र्यानं तोडलेली. हनुमान म्हणाला चांगली हातभर आहे. आश्रुबा मागून म्हणाले, आपल्या घरात मांजर कुठंय. हनुमाननं फोटो पाठवला. फोटोत मांजर पेटीवर बसलं होतं, शेपटी खाली घेऊन. उठवा की त्याला, बंकट म्हणाला. उठवायला गेले तर ते कपाटामागं शिरलं. दुसरा फोटो आला, त्यात नुसतं कपाट.

फोटो नीट आला असता तरी बंकटचं समाधान झालं नसतं. शेपटी केवढी आहे हा प्रश्न नव्हता. ते मांजर उठून चालतं तेव्हा ती वर धरतं का खाली ओढतं, हे बघायला पाहिजे होतं. ताराबाईनं ते बघितल्याशिवाय लावली नसती.

धनश्रीला मुलगी झाली. बारसं बाराव्या दिवशी साधंच केलं, घरात वर्ष पाळायचं होतं. चकलांब्याहून सगळे आले. बाळंतविड्यात कुंची होती, लंगोट होते, साखराबाईनं शिवलेली दुपटी होती, आणि पाळण्यात उशाला भुरं मांजर बसलं होतं, सगळ्यांवर नाराज. बाया वाकून बघत होत्या, कुणी कान ओढून बघत होती. बायनाबाईंनी ते हातात घेतलं, ओळखलं, आणि नवऱ्याला दिसू नये म्हणून पटकन पुन्हा ठेवलं. मग बंकटजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पाव्हणं, मांजर तर झ्याक झालंय. पण मागून अर्धंच राहिलंय ओ."

बंकट म्हणाला, ठाऊक हाय. या मग बगायला, बायनाबाई म्हणाल्या, आता तर च्यापाणी चालतंय तुमाला आमच्याकडं. येतो की, बंकट म्हणाला, पण ते उठंल का? त्याचं काई सांगता येत न्हाई, बायनाबाई म्हणाल्या.

त्यानंतर म्हैस व्याली, मग लखनला ताप आला, मग एसटीचा रस्ता खोदून ठेवला. बंकटचं चकलांब्याला जाणं झालेलं नाही. मांजराची शेपटी लावायची राहिली आहे.